सांस्कृतिक विभाग गळ्यात पडल्यावर: बेळगाव भागातल्या छोट्या कॉलेजसाठी

वर्षाच्या पहिल्या स्टाफ मीटिंगला कामांची वाटणी होते. परीक्षा, एनएसएस, ग्रंथालय समिती असं करत यादी खाली येते आणि सर्वांत नव्या प्राध्यापकाच्या नावापुढे 'सांस्कृतिक विभाग' लिहिलं जातं. बजेट विचारलं तर "बघू की" एवढंच उत्तर मिळतं. त्या नव्या माणसासाठी हे लिहितोय. स्नेहसंमेलनाची काळजी नको, ते कसं करायचं हे विद्यार्थीच तुम्हाला शिकवतील. इथे बोलायचंय ते गावासाठी दार उघडं ठेवून केलेल्या कार्यक्रमांबद्दल: व्याख्यान, मैफल, कविसंमेलन, एकांकिका.

आपल्या भागात श्रोता तयार करावा लागत नाही, तो तयारच आहे. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. अखिल भारतीय साहित्य संमेलन इथे १९२९, १९४६ आणि २००० साली झालं, नाट्य संमेलन २०१५ला. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी अशा गावांत हिवाळ्यात साहित्य संमेलनं भरतात आणि शेतावरून आलेली माणसं मांडवात बसून परिसंवाद ऐकतात. असा श्रोता छोट्या कॉलेजात का येत नाही? बहुतेक वेळा कारण साधं असतं. सहाचा कार्यक्रम सातला सुरू होतो आणि त्याची शेवटची बस निघून जाते.

पायरी १: शेवटची बस विचारून या

पाहुणा ठरवण्याआधी हे करा. तुमच्याकडे कोणत्या गावांतून मुलं येतात ते प्रवेशाच्या रजिस्टरमध्ये आहेच. त्याच गावांतली मोठी माणसं तुमचे श्रोते. स्टँडवर जाऊन कंट्रोलरला त्या गावांच्या शेवटच्या गाड्या विचारा, भिंतीवरच्या वेळापत्रकावर विसंबू नका. त्यातली सर्वांत लवकर सुटणारी गाडी धरा. ती सुटण्याच्या पाऊण तास आधी आभार संपले पाहिजेत.

तिथून मागे मोजत या. आभार पाच मिनिटं, प्रश्नोत्तरं वीस, व्याख्यान पन्नास, स्वागत-प्रास्ताविक-परिचय सगळं मिळून पंधरा. झाला दीड तास. आठची गाडी असेल तर पावणेसहाला सुरुवात, सातची असेल तर पावणेपाचला. खानापूर तालुक्यात जंगलाकडच्या गावांसाठी मोजलं तर हा हिशेब दुपारी तीनपर्यंतही मागे जातो. जाऊ दे. तीनला कार्यक्रम ठेवायला लोक उगाच बिचकतात; त्याचा फायदा मैफलीच्या भागात सांगतो.

पायरी २: तारीख

सीमाभागात तारीख ठरवणं हे निम्मं काम आहे. विद्यापीठाचं वेळापत्रक समोर घ्या. बेळगावची बहुतेक पदवी कॉलेजं राणी चन्नम्मा विद्यापीठाला जोडलेली आहेत, तेव्हा सेमिस्टर परीक्षांच्या आधीचे दोन आठवडे पहिल्यांदा खोडून टाका. जून-जुलै पावसाचे. आपल्याकडचा पाऊस पत्र्याच्या हॉलवर पडायला लागला की माइकसुद्धा हार मानतो. गणपतीचे दिवस नकोत. २३ ते २५ ऑक्टोबरला कित्तूर उत्सव असतो. १ नोव्हेंबरला शहरात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुका, दुसरीकडे मराठी भाषकांचा निषेधाचा काळा दिन; बंदोबस्त एवढा असतो की श्रोता घरातून निघतच नाही. १७ जानेवारी सीमालढ्यातल्या हुतात्म्यांचा हुतात्मा दिन. याबद्दल ज्याची त्याची भूमिका असेल, पण हॉलच्या बुकिंगसाठी हे दिवस मोकळे सोडलेले बरे. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं. त्या काळात लॉज मिळत नाहीत, मिळाले तर दर चढलेले असतात, आणि पोलीस स्टेशनात तुमचा अर्ज वाचायला कोणाला वेळ नसतो.

शिवजयंतीचं नव्या माणसाला हमखास कळत नाही. १९ फेब्रुवारी टाळली म्हणजे झालं असं त्याला वाटतं. पण बेळगावची मोठी शिवजयंती तिथीने, वैशाखात होते आणि चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. त्या आठवड्यात तुमचा एकही विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून मिळणार नाही.

मग उरतं काय? ऑगस्टचा मधला भाग, नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा आणि जानेवारीचे शेवटचे दिवस ते फेब्रुवारी. नोव्हेंबरात येळ्ळूर-खानापूर पट्ट्यात भाताची कापणी-मळणी चाललेली असते, तेव्हा शेतकरी श्रोता हवा असेल तर तो पंधरवडाही वगळा. जानेवारी-फेब्रुवारीत रविवार गावोगावच्या संमेलनांचे असतात, त्यांच्याशी स्पर्धा करायला जाऊ नका. शनिवारची दुपार धरा. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन सगळेच करतात आणि चांगला वक्ता त्या दिवशी चार ठिकाणी बांधलेला असतो. २४ किंवा २५ला बोलवा, तोच माणूस निवांत बोलेल.

पायरी ३: पाहुणा

पुण्या-मुंबईच्या मोठ्या नावाचा मोह होतो. माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं तो टाळा. कोल्हापूर, सांगली, सावंतवाडी, गोवा, धारवाड ही सगळी ठिकाणं एका दिवसात येऊन-जाऊन होण्यासारखी आहेत. जवळचा वक्ता घाईत नसतो, प्रश्नांना थांबतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतो. शिवाय आपल्याच गावात बोलण्यासारखी माणसं असतात ज्यांना कोणी विचारलेलं नसतं: निवृत्त वनाधिकारी, भाताची जुनी वाणं जपणारे शेतकरी, साखर कारखान्यातले केमिस्ट, गल्लीतला जुना तालीमबाज. यांची व्याख्यानं मी भरलेली पाहिली आहेत, आणि 'आजचा युवक : आव्हाने व संधी' या विषयावर मोठ्या पाहुण्यापुढे रिकाम्या खुर्च्याही पाहिल्या आहेत. विषय जितका नेमका तितकी गर्दी जास्त.

फोनवर होकार मिळाला की त्याच दिवशी पत्र पाठवा. त्यात इतकं हवं:

"आदरणीय ... सर, आमच्या महाविद्यालयात शनिवार, दि. ... रोजी दुपारी ४.४५ वाजता आपलं '...' या विषयावर व्याख्यान व्हावं ही विनंती. श्रोत्यांत पदवीचे विद्यार्थी आणि परिसरातील नागरिक असतील. काही विद्यार्थी कन्नड माध्यमातले आहेत, त्यांना मराठी समजतं. व्याख्यान ५० मिनिटं, नंतर २० मिनिटं प्रश्नोत्तरं. मानधन रु. ... आणि प्रवासखर्च महाविद्यालय देईल. स्टेशनवर आपल्याला घ्यायला ... येतील. आपला आजच्या तारखेचा अल्पपरिचय आणि बँक तपशील कळवावेत."

मानधनाचा आकडा पत्रातच लिहा. "पाकिटाचं नंतर बघू" म्हणणाऱ्या कॉलेजात दुसऱ्यांदा कोणी येत नाही. 'आजच्या तारखेचा' परिचय मुद्दाम मागायचा, नाहीतर सूत्रसंचालक इंटरनेटवरून पंधरा वर्षांपूर्वीचं पद वाचून दाखवतो.

पाहुणा महाराष्ट्रातून येत असेल तर प्रवासाचे दोन मार्ग मनात ठेवा. सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की एसटी बंद होतात आणि कोगनोळी नाक्यावर गाड्या अडकतात. मिरज-बेळगाव रेल्वे अशा वेळी बरी. आणि कार्यक्रमाच्या पत्रिकेत नसलेला, पण वेळेला उभा राहील असा गावातला एक वक्ता आधीच विचारून ठेवा. त्याला खरं सांगा की तो राखीव आहे. समजूतदार माणसं रागावत नाहीत. पुढारी पाहुणे म्हणून बोलावणं, कुठल्याही बाजूचे असोत, टाळा. एका नावासाठी सगळ्या कार्यक्रमाची परवानगी अडकते.

पायरी ४: परवानग्या आणि फलक

बंद हॉलमधल्या व्याख्यानाला प्राचार्यांची लेखी मंजुरी, संस्थेच्या कार्यालयाला प्रत आणि जवळच्या पोलीस स्टेशनला माहितीचं पत्र एवढं बहुधा पुरतं. अर्ज कन्नडमध्ये द्या. ऑफिसातल्या क्लार्कना त्याचा नमुना पाठ असतो, पाच मिनिटांत लिहून देतात आणि टेबलावर तो अर्ज मागे राहत नाही.

कार्यक्रम मैदानात असेल तर गोष्ट वेगळी. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा बाहेर तो लावता येत नाही. दवाखाने, शाळा-कॉलेजं आणि न्यायालयांभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतात; तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे, म्हणजे दोन माणसांचं नेहमीचं बोलणंच जवळजवळ तेवढं भरतं. तुमचं मैदान अशा क्षेत्रात येतं का ते आधी विचारा. मांडवाला जादा वीज घ्यायची असेल तर हेस्कॉमला, म्हणजे वीज कंपनीला, वेगळा अर्ज.

फलक लावायला महापालिकेची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी लागते. कर्नाटकात २०२४च्या दुरुस्तीनंतर दुकानांच्या, संस्थांच्या नामफलकांवर ६० टक्के कन्नड आणि ती वरच्या भागात हवी. तात्पुरत्या फलकाबद्दल वाद घालत बसण्यापेक्षा वर कन्नड, खाली मराठी असा एकच फलक छापून घ्या. कन्नड मजकूर मात्र कन्नडच्या प्राध्यापकांकडून तपासून घ्या. छापखान्यातल्या चुका दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर फिरतात.

निपाणीकरांसाठी एक गंमत. त्यांचं देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे हद्दीपलीकडे कागल तालुक्यात आहे. श्रोते तेच, पण विद्यापीठ शिवाजी आणि पोलीस स्टेशन महाराष्ट्राचं. तिथल्या मित्राचा जुना अर्ज घेऊन तुमच्या कॉलेजात वापरू नका.

पायरी ५: मैफल

गाण्याच्या बाबतीत आपण श्रीमंत मुलखात राहतो. कुमार गंधर्व १९२४ साली बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मले. मल्लिकार्जुन मन्सूर आणि बसवराज राजगुरू धारवाडचे, गंगूबाई हनगल हुबळीच्या. तानपुरे बनवणारं मिरज रेल्वेने काही तासांवर. पण कॉलेजातल्या मैफली फसतात, आणि त्या गायकामुळे फसत नाहीत. हॉलमुळे आणि साउंडवाल्यामुळे फसतात.

आधी दुपारच्या वेळेबद्दल. शहरातल्या मैफली संध्याकाळी सहा-सातला सुरू होतात, त्यामुळे यमन, पूरिया धनाश्री, बागेश्री लोकांनी पुष्कळ ऐकलेले असतात. भीमपलासी, पटदीप, मधुवंती, मुलतानी हे दुपारचे राग त्यांच्या वेळेला समोर बसून ऐकायला फार क्वचित मिळतात, कारण दुपारी मैफल ठेवणार कोण? कॉलेज ठेवू शकतं. साडेतीनला बैठक सुरू करा, साडेपाचला संपवा. कलाकारांनाही ही कल्पना आवडते. त्यांची तयारी असते, गायला संधी नसते. रविवारी सकाळची बैठकही अशीच, भैरव-तोडीची. मात्र सकाळी गावातून पहिली गाडी कधी निघते ते बघून.

कलाकाराला फोनवर चार गोष्टी विचारा. पट्टी, म्हणजे गाण्याचा 'सा', कोणती? पुरुष गायक बहुधा काळी एक-दोनच्या (हार्मोनिअमची पहिली-दुसरी काळी पट्टी) आसपास, स्त्रिया काळी चार-पाचच्या आसपास गातात, पण अंदाज करू नका. ती पट्टी तबलजीला त्याच दिवशी कळवा, कारण त्याला त्या पट्टीला लागणारा तबला सोबत आणावा लागतो. तानपुरे ते आणणार की तुम्ही? मागे तानपुऱ्यावर कोण बसणार? संगीत शिकणारी तुमची एखादी विद्यार्थिनी बसू शकली तर बसवा, तिच्यासाठी ती दोन तासांची शाळाच. हार्मोनिअमवाले कोण? संगतकार गायकालाच निवडू द्या आणि त्यांचं मानधन वेगळं ठरवा. गायकाच्या पाकिटातून संगतकारांनी वाटा मागावा अशी वेळ आणू नका.

मंच दीड-दोन फुटांचा पुरे. त्यावर गादी, पांढरी चादर, लोड. डोक्यावर पंखा नको: वाऱ्याने तारा उतरतात आणि माइकमध्ये घरघर येते. पावसाळी हवेत तबल्याची पुडी सैल पडते, म्हणून कलाकारांना सुरुवातीच्या तासभर आधी मंचावर नेऊन बसवा आणि वाद्यं लावायला शांतता द्या. नेमक्या त्याच वेळी स्वयंसेवक 'हॅलो चेक' करत फिरत असतात, त्यांना बाहेर काढा.

साउंडवाला बहुधा मिरवणूक-लग्नांचा असतो आणि त्याच्या मते आवाज म्हणजे बेस. त्याला दुखवू नका, पण गायकाला, हार्मोनिअमला आणि तानपुऱ्याला एक-एक माइक, तबला-डग्ग्याला दोन, आणि कलाकारांकडे तोंड केलेला एक मॉनिटर इतकं लागेल हे आधी सांगा. एको बंद करायला लावा. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो, माणसं बसली की ते घुमणं कमी होतं. म्हणून तपासणीच्या वेळी थोडा कमी वाटणारा आवाजच बरोबर असतो. पहिल्या तीन रांगांच्या खुर्च्या काढून जाजम अंथरा. समोर मांडी घालून बसलेली माणसं दिसली की गायक खुलतो, आणि खुर्च्याही कमी भाड्याने घ्याव्या लागतात. वीज जाणारच असं धरून जनरेटर ठेवा, मात्र हॉलच्या मागच्या भिंतीपलीकडे, लांब.

चहा मध्यंतराला. द्रुत लयीतलं गाणं चालू असताना कपांचा ट्रे घेऊन मंचावर चढणारा उत्साही स्वयंसेवक प्रत्येक कॉलेजात एक तरी असतो, त्याला शोधून आधीच दारावर उभा करा.

पायरी ६: नाटक, कविता, नाच

स्वामित्वहक्काचं लक्षात ठेवा. कॉलेजच्या उपक्रमात विद्यार्थी-शिक्षकांनी सादर केलेलं नाटक किंवा गाणं, प्रेक्षक फक्त कॉलेजचे आणि पालक असतील, तर १९५७च्या कायद्यात त्याला सूट आहे. गावाला दार उघडलं की त्या सवलतीवर विसंबू नका. नाटककाराला किंवा वारसांना पत्र लिहा. एकांकिकेसाठी लेखक फारसं मागत नाहीत, विचारलं याचंच त्यांना बरं वाटतं. नाचाला ध्वनिमुद्रित सिनेमागीतं लावणार असाल तर त्याचे परवाने वेगळे असतात. त्यापेक्षा झांजपथक, लेझीम किंवा भजनी मंडळ बोलवा. गावोगावची भजनी मंडळं उत्तम असतात आणि त्यांना कॉलेजचं बोलावणं कधी गेलेलंच नसतं.

मराठी-कन्नड कविसंमेलन जरूर करून बघा. सहा कवी पुरेत, प्रत्येकी दोन कविता, मूळ आणि लगेच दुसऱ्या भाषेतलं रूप. त्याला श्रोते मिळतात हा माझा अनुभव आहे, आणि दोन विभागांचे प्राध्यापक एका टेबलावर बसतात हा वरचा फायदा.

पायरी ७: लोकांना कळवणं

वर्तमानपत्रांच्या कचेरीत तीन दिवस आधी स्वतः जाऊन द्या: मराठीत दहा ओळी, कन्नड दैनिकांसाठी कन्नडमध्ये दहा ओळी. तारीख, वेळ, ठिकाण, विषय, वक्ता, 'प्रवेश विनामूल्य', आणि 'कार्यक्रम ७ वाजता संपेल'. हे शेवटचं वाक्य कोणी छापत नाही, तुम्ही छापा. बाईमाणूस आणि वयस्कर श्रोते त्याच्यावरच येण्याचं ठरवतात. वाचनालयाच्या फळ्यावर, ज्येष्ठ नागरिक संघात, महिला मंडळात, गावातल्या दूध डेअरीवर एकेक कागद लावा. व्हॉट्सॲप आहेच.

पत्रिकेवर नावं कमीत कमी. वक्ता, अध्यक्ष, निमंत्रक. 'प्रमुख उपस्थिती'ची यादी एकदा सुरू झाली की कोणाचं नाव वर, कोणाचं खाली यावर प्राचार्यांच्या केबिनमध्ये तासभर जातो. पतसंस्थेने किंवा माजी विद्यार्थ्यांनी पैसे दिले असतील तर पत्रिकेत 'सहकार्य' म्हणून नाव द्या, भाषण देऊ नका, आणि हे पैसे घेण्याआधीच स्पष्ट बोला.

पायरी ८: कार्यक्रमाचा दिवस

ठरल्या वेळेला सुरू करा, हॉलमध्ये दहा माणसं असली तरी. दोन कार्यक्रमांत लोकांना सवय लागते. नाडगीत (कर्नाटकाचं राज्यगीत), दीपप्रज्वलन, स्वागत. स्वागताची दोन वाक्यं कन्नडमध्ये, बाकी मराठीत. शाल-श्रीफळ फक्त पाहुण्याला. व्यासपीठावरच्या प्रत्येकाला हार घातले तर वीस मिनिटं तिथेच जातात. भेट म्हणून एक चांगलं पुस्तक आणि कुंद्याचा डबा. पाहुणे पुस्तक विसरतील, कुंदा विसरत नाहीत.

अध्यक्षीय समारोप शक्यतो ठेवू नका. ठेवावाच लागला तर अध्यक्षांना आदल्या दिवशी भेटून बसच्या वेळा दाखवा. प्रश्न चिठ्ठीवर घ्या, कोणत्याही भाषेत. सूत्रसंचालक ते मराठीत वाचेल. चिठ्ठीमुळे मुली आणि पहिल्या वर्षाची मुलं विचारतात, आणि प्रश्नाच्या नावाखाली भाषण करणारे गृहस्थही आपोआप थांबतात.

पायरी ९: नंतरचं

साउंड, मांडव, चहावाला यांचे पैसे त्याच संध्याकाळी. मानधन बँकेतून, रोख दिलं आणि ते ५,००० रुपयांच्या वर असेल तर पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही घ्या. नॅकसाठी, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनासाठी, जिओटॅग (जागेची नोंद असलेले) फोटो, हजेरीपत्रक आणि एक पानाचा अहवाल लागतो, तो आठवडाभरात उरकून टाका. हजेरीपत्रकात बाहेरच्या श्रोत्यांसाठी गाव आणि फोन असे दोन रकाने जादा ठेवा, पुढच्या वेळी निरोप द्यायला तीच यादी कामाला येते. मैफलीचं चित्रण यूट्यूबवर टाकायचं असेल तर गायक आणि संगतकार दोघांचीही लेखी संमती हवी, तोंडी 'हो' चालत नाही.

आणि पुढच्या कार्यक्रमाची तारीख याच आठवड्यात हॉलच्या रजिस्टरमध्ये लिहून प्राचार्यांची सही घ्या. परीक्षेचं वेळापत्रक लागलं की तो हॉल बेंचांनी भरतो आणि महिनाभर कोणाचा नसतो.